पडद्यावरची सिस्टर आणि शेजारणीचं नाक

ज्या माणसाची सारी हयात चाकणच्या कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेला माल नापास करण्यात गेली, त्या माणसाला उतारवयात एक पोरगी रोज सकाळी नापास करते, आणि तेही घरात पाऊल न टाकता, टेबलावरच्या काचेतून, ह्याला काय म्हणावं? उद्धवराव ह्याला कलियुग म्हणत. यशोदाबाई म्हणत, "बरं झालं. कुणीतरी भेटलं एकदाचं."

पण आधी बोटाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या बोटामुळे झालं.

यशोदाबाईंच्या डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट. जोडव्याचं बोट. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेला, त्यामुळे जोडवं रुतून खाली जखम झाली तरी त्यांना कळलं नाही. आणि कळलं तेव्हा त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. सांगितलं असतं तर जोडवं काढायला लावलं असतं, आणि नवरा समोर धडधाकट बसून चहात खारी बुडवत असताना जोडवं काढायचं म्हणजे काय, हे साखर तपासणाऱ्या त्या पँटशर्टातल्या डॉक्टरणीला समजणार नव्हतं. शेवटी गणपती उठले त्या दिवशी चादरीवर डाग दिसला आणि बिंग फुटलं.

वाकडच्या दवाखान्यातल्या सर्जननं जोडवं कातरून काढलं आणि जखम बघून सांगितलं, की दिवाळीपर्यंत भरली तर ठीक, नाहीतर बोट काढावं लागेल. भिंतीतला खिळा काढावा लागेल म्हणतात ना, त्या आवाजात. कातरलेलं जोडवं उद्धवरावांनी रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं. परतताना रिक्षात, नाशिक फाट्याच्या सिग्नलला यशोदाबाई म्हणाल्या, "बोट गेल्यावर जोडवं कुठं घालू मी?"

उद्धवरावांना लातूर सोडून इकडे आल्यापासून कुठल्याही प्रश्नावर गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी रिक्षावाल्यानं पाहिलं.

आता जखमेची पट्टी एक दिवसाआड बदलायची, तीही जाणत्या हातानं. चिखलीच्या घराहून वाकड म्हणजे अंतर फार नाही, पण त्या अंतरात जेवढी वाहनं उभी असतात तेवढी लातूर जिल्ह्यात मिळून नसतील. पहिल्या खेपेला जाताना पाय उंच ठेवायचा म्हणून यशोदाबाईंनी तो रिक्षाच्या बाहेर काढला, तर काळेवाडीत एका दुचाकीस्वारानं त्याला हात दाखवण्याची खूण समजून गाडी वळवली. दुसऱ्या खेपेला पट्टी बदलायला दहा मिनिटं लागली आणि घरी यायला दुपार. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी समाधान टॅब घेऊन आला.

समाधान म्हणजे ह्यांचा मुलगा. तोही चाकणलाच. तो तिथे रोबोट चालवतो की रोबोट त्याला चालवतो, हे उद्धवरावांना अजून नीटसं कळलेलं नाही. त्यानं कुठल्याशा कंपनीचं घरबसल्या नर्सिंग घेतलं होतं. स्टँडवर टॅब, साखर बघायचं मशीन, बीपीचं मशीन, आणि रोज सकाळी पडद्यावर एक सिस्टर. ती बघणार, सांगणार. हात मात्र घरच्याचा. समाधानची शिफ्ट, सूनबाई दिपालीची शिफ्ट. राहिले उद्धवराव.

"हात माझा," उद्धवराव म्हणाले. एखादा प्लांट ताब्यात घ्यावा तसं म्हणाले.

ही बातमी समोरच्या बंगल्यात पोचायला वेळ लागला नाही. तिथले यशवंतराव गावचे मूळचे. उद्धवरावांचं घर ज्या गुंठ्यावर उभं आहे, तो मुळात यशवंतरावांच्या ज्वारीचा. विकून जमाना झाला, तरी ते गल्लीत शिरताना अजून पीक बघायला आल्यासारखे शिरतात. त्यांनी टॅबकडे मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाले, "उद्धवराव, फोनवर म्हैस धुता येती का?"

"नाही."

"मंग पाय कसा धुनार? आवो, नर्स म्हंजी हात फिरवनारी बाई. हिचा हात तर काचंच्या पल्याड हाय. आमची शालन बरी, शेक तरी देती."

उद्धवरावांनी दिवाणखान्यात पिवळी चिकटपट्टी मारायला घेतली. एक चौकोन स्टुलाचा, एक टॅबच्या स्टँडचा, एक औषधाच्या ट्रेचा, आणि एक मोठा चौकोन ज्यात कुणी चपला घालून यायचं नाही. कंपनीत अशा पट्ट्या असतात. वस्तू कुठे ठेवायची हे माणसाला विचारावं लागत नाही. यशोदाबाई कॉटवरून बघत होत्या. "मला पण एक चौकोन मारा," त्या म्हणाल्या, "म्हंजे हरवणार नाही."

पहिल्या दिवशी पडद्यावर सिस्टर करिष्मा आली. यशोदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. सिस्टर असेल पंचविशीची, हसरी, पण ते हसू हात धुण्याच्या पायरीपर्यंतच टिकलं.

"काका, हात धुतले?"

"धुतले."

"अंगठी काढून?"

उद्धवरावांनी अंगठीकडे पाहिलं. "परत," सिस्टर म्हणाली. परत धुतले. हातमोजे घातले, आणि घसरलेला चष्मा त्याच हातानं वर केला. "परत." नवे हातमोजे. पट्टी उघडली, कापूस घेतला, आणि जखमेला लावायच्या आधी तो ट्रेच्या कडेला टेकला. एवढासा टेकला. "परत, काका."

तिसऱ्यांदा हात धुताना उद्धवरावांच्या डोळ्यांसमोर ती सगळी पोरं आली, ज्यांच्या ट्रॉल्या त्यांनी एका ओरखड्यासाठी परत पाठवल्या होत्या. त्यांनी आवाज मऊ करून पाहिला. "सिस्टर, आमच्या कंपनीत एक पद्धत असते. माल ड्रॉइंगप्रमाणे नसला, पण चालण्यासारखा असला, तर साहेबाच्या सहीनं सोडतात. त्याला डेव्हिएशनवर पास म्हणतात."

"जखमेत डेव्हिएशन नसतं, काका. परत."

जखमेच्या मापाचीही तीच गत. सिस्टरनं कागदाची पट्टी शेजारी धरायला सांगितली. उद्धवरावांनी कपाटातून आपलं व्हर्नियर काढलं. निवृत्तीच्या दिवशी घरच्या पैशानं घेतलेलं, मखमली पेटीतलं, केसाची जाडी मोजेल असं. सिस्टर म्हणाली, "ते आत ठेवा." उद्धवरावांनी ते ठेवलं, पण पेटीचं झाकण लावताना जो आवाज झाला त्यात सगळा अपमान होता.

यशोदाबाईंचं मात्र सिस्टरशी पहिल्याच दिवशी जमलं. त्यांचा एकच हट्ट. घरी आलेलं माणूस चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. सिस्टर घरी आली नव्हती, हे त्यांना पटवता आलं नाही. पट्टी झाली की उद्धवरावांनी कपभर चहा करून टॅबपुढे ठेवायचा, सिस्टरनं "घेतला आजी" म्हणायचं, मगच पडदा बंद. तो कप मग नैवेद्यासारखा उद्धवरावांना मिळायचा. सिस्टर बिनसाखरेचा घेते, असं यशोदाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि खरं सांगायचं तर गाडी रुळावर आली होती. रिक्षा गेली, सिग्नल गेले. सिस्टर फोटो मोठा करून जखमेची कड अशी बघायची, की डोळ्यापाशी धरूनही एवढं दिसू नये. एकदा तर पडद्यातूनच तिला कॉटखाली यशोदाबाईंची चप्पल ओली दिसली. "आजी, पाय टेकवून कुठे गेला होतात?" यशोदाबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या होत्या. घरातल्या माणसांना महिन्यात जे सापडलं नसतं ते काचेपलीकडच्या पोरीनं धरलं. उद्धवरावांना तिच्याबद्दल नाइलाजानं आदर वाटू लागला. असा एक इन्स्पेक्टर त्यांना आयुष्यभर हाताखाली हवा होता.

पट्टीच्या दिवशी शेवटी ती एक प्रश्न विचारायची. "काका, पट्टीला वास येतोय का?"

उद्धवराव पट्टी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "नाही." त्या "नाही"त सही-शिक्का दोन्ही असे.

असेच दिवस चालले असताना शालनबाई बघायला आल्या. यशवंतरावांच्या मंडळी. आजारी माणसाला बघायला जायचं तर मोकळ्या हातानं जात नाहीत, म्हणून शेवग्याच्या आमटीचं पातेलं घेऊन आल्या. पट्टी नुकतीच सुटली होती, पडद्यावर सिस्टर होती, उद्धवराव नुकतेच "नाही" म्हणाले होते. शालनबाई पिवळ्या चौकोनाच्या कडेला थांबल्या, पातेलं खाली ठेवलं, पदर नाकाला लावला.

"वास येतोय की," त्या म्हणाल्या.

"आमटीचा असेल," उद्धवराव म्हणाले.

"आमटी माजी हाय. तिचा वास मला ठावं. ह्यो पट्टीचा हाय. येशोदाबाई, तुमाला न्हाई येत?"

यशोदाबाईंना सर्दी होती. पडद्यावर सिस्टर एकदम सरळ बसली. "काका, तुम्हाला खरंच येत नाही?"

आता इथे इभ्रतीचा प्रश्न आला. उद्धवरावांनी पट्टी पुन्हा हुंगली. काही नाही. शालनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि हिंगाचा डबा घेऊन आल्या. उद्धवरावांनी हुंगला. काही नाही. कापूर आणला. काही नाही. आरडाओरडा नको म्हणून शालनबाईंनी यशवंतरावांना हळूच बोलावलं, आणि त्यांनी आल्याआल्या पायातला मोजा काढून उद्धवरावांच्या नाकाखाली धरला. पलीकडे कॉटवर बसलेल्या, सर्दी झालेल्या यशोदाबाईंनी तोंड फिरवलं. उद्धवराव शांतपणे म्हणाले, "सुती आहे."

करोनात त्यांचा वास गेला होता. तो परत आलाय, हे त्यांनी मधे कधीतरी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून दिपालीच्या भाजीला चव नाही, असं ते घरात बोलत आले होते. दिपाली त्या वेळी घरात नव्हती, हे त्यांचं नशीब.

सिस्टरनं मिनिटभरात डॉक्टरांना गाठलं आणि समाधानला फोन लावला. त्याच दुपारी वाकड. वरून जखम छान गुलाबी दिसत होती. आत खोल पू दडला होता, जो कॅमेऱ्याला दिसत नव्हता. सर्जननं तो साफ केला, औषध बदललं आणि म्हणाला, आणखी चार दिवस असंच गेलं असतं तर दिवाळीची वाट बघावी लागली नसती. बोट अजून होतं. पण ते केवळ शेवग्याच्या आमटीच्या कृपेनं होतं.

घरी आल्यावर उद्धवराव पिवळ्या चौकोनातल्या स्टुलावर बसले. कंपनीत खराब मापयंत्राला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात, म्हणजे चुकूनही कुणी त्यानं माल मोजू नये. सगळ्यात मोठं पाप कोणतं, तर खराब गेजनं माल पास करणं. "तुझ्या बोटाला मी खराब गेज लावलं," ते यशोदाबाईंना म्हणाले.

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या नाकाशी मी लग्न केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दुसरं नाक बघा."

दुसरं नाक समोरच राहत होतं. तेव्हापासून पट्टी सुटायच्या वेळेला शालनबाई यायच्या, चौकोनाच्या कडेला उभ्या राहायच्या, पट्टी हुंगायच्या आणि पडद्याकडे बघून निकाल द्यायच्या. "न्हाई बाई. आज कायबी न्हाई." सिस्टर "थँक्यू आजी" म्हणायची. शालनबाईंना आयुष्यात कुणी कामाबद्दल थँक्यू म्हटलेलं नव्हतं. आठवड्यात त्या इस्त्रीची साडी नेसून येऊ लागल्या.

पण शेजाऱ्याचं काही फुकट ठेवून घ्यायची ह्या घरात रीत नाही. आमटीचं पातेलं परत करताना यशोदाबाईंनी त्यात लातूरच्या सुक्या हुरड्याचे वडे भरून दिले होते, कारण मोकळं भांडं परत देत नाहीत. मग पुन्हा पुन्हा वापरलेल्या नाकाची परतफेड कशी करायची? उद्धवरावांनी विचार केला आणि तोडगा काढला. घरात साखर बघायचं मशीन होतं. शालनबाईंनी साखर कधी तपासलेलीच नव्हती. मशीन फक्त पेशंटसाठी आहे, असं सिस्टरनं बजावलं होतं खरं. म्हणून उद्धवरावांनी टॅबचं तोंड भिंतीकडे केलं आणि मग शालनबाईंच्या बोटाला सुई टोचली.

मशीनवर चारशेच्या वरचा आकडा आला.

उद्धवरावांनी आकड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पहाटे उठून म्हशीचं दूध पिणाऱ्या, अजून दोन हंडे उचलणाऱ्या बाईला साखर? "मशीन बिघडलं," त्यांनी जाहीर केलं. "कॅलिब्रेशनला पाठवावं लागेल." जो माणूस बिघडलेल्या नाकावर इतके दिवस विश्वास ठेवून होता, त्यानं धड असलेल्या मशीनला लाल चिठ्ठी लावली. शालनबाई चहात दोन चमचे साखर मागून, तो पिऊन घरी गेल्या.

मशीनला तोंड नसतं, त्यामुळे ते भिंतीकडे वळवता येत नाही. त्यानं आकडा आपल्या वाटेनं कंपनीत पोचवला होता, यशोदाबाईंच्या नावावर. थोड्याच वेळात गल्लीत सायरन वाजला.

गल्लीच्या तोंडाशी यशवंतरावांची गाडी आडवी, नेहमीप्रमाणे, कारण वावर त्यांचं. ॲम्ब्युलन्स मागे, तिच्यामागे पाण्याचा टँकर, टँकरमागे शाळेची बस. लोक गोळा झाले. यशोदाबाईंचा पाय न्यायला आलेत, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तो गुडघ्यापासून नेला. स्ट्रेचर घेऊन दोघं आत आले तेव्हा यशोदाबाई कॉटवर बसून मेथी निवडत होत्या.

"पेशंट कुठंय?"

"मीच. पण मी येत नाही."

"आजी, तुमची साखर चारशेच्या वर गेलीय. तुम्हाला चक्कर येतीय."

"मला काई येईना बाबा. तुम्ही बसा, चहा घ्या."

उद्धवरावांनी टॅबचं तोंड भिंतीकडून फिरवलं. पडद्यावर सिस्टर करिष्मा उभीच होती, केव्हापासून बोलावत होती कुणास ठाऊक. तिनं पुन्हा साखर बघायला लावली. मशीननं यशोदाबाईंची एकशे चाळीस दाखवली. सिस्टर काचेच्या जवळ आली.

"काका, मग मघाची साखर कोणाची?"

दारातल्या सगळ्या गर्दीला उद्धवरावांकडे बघायचं होतं, आणि उद्धवराव मेथीकडे बघत होते. गर्दीतून शालनबाईच पुढे आल्या. "माजी आसंल," त्या म्हणाल्या. "म्या बोट दिलं व्हतं. भाऊंचा काय दोस न्हाई."

सिस्टरनं पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा मघापेक्षाही वर गेला होता. दोन चमच्यांचा चहा. "आजी, तहान फार लागते? रात्री सारखं उठावं लागतं? वजन उतरलंय?"

"व्हय. म्हातारपनी व्हतंच की."

"नाही आजी, असं होत नाही. तुम्ही आत्ता दवाखान्यात जायचं."

यशवंतराव तोवर आले होते, गाडी कुणी हलवायला सांगितली म्हणून भांडायला. त्यांनी आकडा ऐकला आणि दारालाच टेकले. स्ट्रेचरवाला म्हणाला, कॉल यशोदाबाईंचा आहे, दुसऱ्या पेशंटचा नाही, आम्हाला रिकामं परत जावं लागेल. तेव्हा कॉटवरून यशोदाबाई म्हणाल्या, "आमच्या घरून काही रिकामं जात नसतं. न्या म्हणलं ना." त्यांचा तो आवाज उद्धवरावांनीसुद्धा फार वेळा ऐकलेला नाही. स्ट्रेचरवाल्यांनी शालनबाईंना नेलं. यशवंतराव मागे बसले, मांडीवर बायकोची पिशवी घट्ट धरून.

इथे दुसरा माणूस म्हणाला असता, आटोपलं. पण उद्धवरावांच्या कुंडलीत आटोपणं नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सिस्टर आलीच नाही. त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, यशोदाबाई ॲडमिट आहेत."

"त्या माझ्यासमोर बसून दोडक्याची भाजी खातायत."

"ॲडमिट पेशंटला घरची सेवा बंद होते, सर."

"ॲडमिट झाल्याच नाहीत हो."

"मग डिस्चार्जचा कागद पाठवा."

"ॲडमिटच झाल्या नाहीत तर डिस्चार्ज कोण देणार?"

"तेच म्हणतोय, सर. डिस्चार्ज नाही, म्हणजे ॲडमिटच आहेत."

उद्धवरावांना कागदाशिवाय स्क्रूही न देणाऱ्या चाकणच्या स्टोअरकीपरची आठवण आली आणि त्यांनी फोन ठेवला. तेवढ्यात दवाखान्यातून यशवंतरावांचा फोन. कॉल ज्याच्या नावाचा, पेशंट त्या नावाचा, असा तिथे हिशोब झाला होता. "उद्धवराव, हितं माज्या बायकूला येशोदाबाई म्हनत्यात. मला म्हनत्यात, उद्धवराव, सही करा. काय करू?"

"औषध बरोबर देतायत का?"

"औषध बरूबर हाय. नाव तेवढं तुमचं हाय."

"मग करा सही."

ज्या माणसानं जन्मभर सातबाऱ्यावरच्या नावाची काना-मात्रा तपासली, त्याला कागदोपत्री मराठवाड्याचा जावई व्हावं लागलं. पण त्यांनी सही केली. बायकोपुढे नाव काय, असं ते नंतर स्वतःच सांगत.

इकडे जखम थांबणार नव्हती. पट्टीचा दिवस आला. टॅब काळा, नाक दवाखान्यात. समाधान म्हणाला, रिक्षा करू, वाकडला जाऊ. उद्धवराव म्हणाले, आधी मी करतो. तू फोटो काढून डॉक्टरांना पाठव. ते काळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसले. अंगठी काढली. हात धुतले. हातमोजे घातले, आणि बाही नळाला लागली असं वाटलं. कुणी पाहिलं नव्हतं. ते थांबले. "परत," ते स्वतःलाच म्हणाले, आणि उठून पुन्हा धुवायला गेले. यशोदाबाई बघत होत्या.

राहिला वास. यशवंतराव आंघोळीला म्हणून घरी आले होते, त्यांना उद्धवरावांनी गाठलं. "यशवंतराव, एक काम होतं. नाकाचं."

"माज्या? आमच्या सात पिढ्यांत कुनी..." यशवंतरावांनी वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. त्यांना ॲम्ब्युलन्स आठवली असावी. ते चौकोनाच्या कडेला आले, न सांगता चपला बाहेर काढल्या, पट्टी हुंगली, पुन्हा हुंगली. "औषधाचा वास हाय निस्ता. बाकी कायबी न्हाई." दारापाशी जाऊन वळले आणि म्हणाले, "उद्धवराव, त्या काचंतल्या पोरीनं इचारलं नसतं, तर माजी शालन..." उद्धवरावांनी त्यांच्या हातात चहा दिला, बिनसाखरेचा, आणि यशवंतरावांनी तो तक्रार न करता प्यायला.

शालनबाई बऱ्या होऊन घरी आल्या, यशोदाबाईंच्या नावाचा डिस्चार्ज घेऊन. नाव दुरुस्त करायला यशवंतरावांना नंतर तीन टेबलं फिरावी लागली, ती गोष्ट ते तुम्हाला चिखलीत कुठेही सांगतील. तो कागद कंपनीला पोचला, कंपनीच्या लेखी यशोदाबाई बऱ्या होऊन घरी आल्या, आणि पडदा उजळला. सिस्टरनं आधी कान धरायला लावले. मशीन पुन्हा दुसऱ्या कुणाच्या बोटाला लावणार नाही, हे उद्धवरावांच्या तोंडून वदवून घेतलं. मग जखम पाहिली. फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

"मधल्या दिवसांत ड्रेसिंग कोणी केलं?"

"मी."

"एकट्यानं?"

"नाक शेजारचं होतं."

"छान आहे, काका. एकदम छान."

उद्धवरावांनी काही नाही असं दाखवून ट्रे आवरला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य त्यांनी दूधवाल्याला, वॉचमनला आणि फोनवरून लातूरच्या मेव्हण्याला सांगून झालं होतं.

वसुबारसेला सर्जननं पाय हातात घेतला, दाबला, उजेडात धरला आणि म्हणाला, "बोट राहतंय." येताना रिक्षात नाशिक फाट्याच्या सिग्नलला यशोदाबाईंनी ह्या खेपेला उद्धवरावांचा हात धरला.

पाडव्याला शेवटचा कॉल होता; त्याच दिवशी टॅबवाला खोका न्यायला येणार होता. ओवाळायचं ताट तयार होतं. उद्धवरावांनी खिशातला रुमाल सोडला. कातरलेल्या जोडव्याच्या टोकांवरची धार त्यांनी बारीक कानशीनं घासून, पॉलिश पेपर मारून अशी गोल केली होती, की गालावर फिरवली तरी लागू नये. फट मोकळी ठेवली होती. पडद्यावर सिस्टरनं ते पाहिलं आणि मान हलवली.

"काका, ह्या पायाला जोडवं नको. तुम्हाला माहितीये."

यशोदाबाईंनी ताटाकडे पाहिलं. उद्धवरावांनी मखमली पेटी उघडली. ह्या खेपेला सिस्टर नको म्हणाली नाही. त्यांनी व्हर्नियर बोटाशी धरलं, टेकू न देता, मग जोडव्यात धरलं, आणि दोन्ही मापं पडद्याला दाखवली. चहूकडून मोकळीक होती. जोडवं बोटात फिरत होतं. उद्धवरावांनी वर पाहिलं, आणि नापास व्हायची तयारी ठेवली.

सिस्टर म्हणाली, "थांबा, डॉक्टरांना विचारते." पडदा रिकामा झाला. यशवंतराव आणि शालनबाई दारात येऊन उभे होते, चपला चौकोनाबाहेर. सिस्टर परत आली.

"ओवाळण्यापुरतं घाला. झालं की काढायचं, पाय बघायचा, मला फोटो पाठवायचा. रोजचं नाही." आणि मग ती हसली, हात धुवायच्या आधी हसायची तशी. "डेव्हिएशनवर पास, काका."

उद्धवरावांनी अंगठी काढून हात धुतले, कुणी सांगितलं नसताना, आणि जोडवं बोटात सरकवलं. यशोदाबाईंनी ओवाळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत ताट होतं.

टॅबवाला दारात आला. समाधाननं टॅब, मशीन, स्टँड खोक्यात भरलं आणि खोका उचलला, तेवढ्यात यशोदाबाई म्हणाल्या, "थांब. मोकळा खोका देतात का कुठं? सिस्टरनं रोज माझा चहा नुसता बघितलाय."

"त्यात टॅब आहे, आई. मोकळा नाहीये."

"गप बस."

त्या स्वतः उठल्या, चकल्या आणायला; जोडवं काढायचं अजून राहिलं होतं. पिवळ्या चौकोनातून बाहेर पडून, दिवाणखाना ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या, आणि फरशीवर प्रत्येक पावलाला जोडव्याचा टक् आवाज आला. गणपतीपासून ह्या घरात तो आवाज नव्हता. चकल्या तळल्याचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता, असं लोक म्हणत होते. उद्धवरावांना तो येत नव्हता. त्यांचे कान मात्र शाबूत होते, आणि त्यांनी डोळे मिटून तो टक् आवाज ऐकला, त्या जाताना आणि येताना, दोन्ही वेळा.